हिवाळी चाकं चढवताना बोल्ट किती आवळायचे?

ऑक्टोबर निम्मा सरला की जर्मनीत घराघरांच्या अंगणात, गॅरेजांच्या तोंडाशी गाड्या जॅकवर चढलेल्या दिसायला लागतात. ‘ओ बिस ओ’, म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत, ईस्टरपर्यंत, हिवाळी टायर हा तिथल्या लोकांचा तोंडपाठ हिशेब. कायदा मात्र तारीख बघत नाही, रस्ता बघतो. रस्त्यावर बर्फ, बर्फाचा चिखल किंवा गोठलेलं पाणी असेल तर गाडीला हिवाळी टायर हवेतच. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्या टायरवर डोंगर आणि त्याच्या आत हिमकण असं चिन्ह असणंही सक्तीचं झालं आहे. नुसत्या ‘एम अधिक एस’ या अक्षरांवर आता भागत नाही. नियम मोडला तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या वाहतूक-गुन्ह्यांच्या नोंदीत एक दंडगुण. ऑस्ट्रियात हीच अट १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल या काळासाठी आहे. नाताळात साल्झबुर्गला किंवा इन्सब्रुकला जायचा बेत असेल, तर ती लक्षात ठेवा.

श्टुटगार्ट, म्युनिक, इंगोलश्टाट, वोल्फ्सबुर्ग या भागात नोकरीसाठी स्थिरावलेल्या मराठी घरांतही आता चाकांचे दोन संच असतात, एक गाडीखाली आणि एक तळघरात. पहिला गारठा पडला की वर्कशॉपची वेळ दोन-दोन आठवडे मिळत नाही, म्हणून बरेच जण हे काम स्वतःच करतात. त्यात वावगं काही नाही. रिमसकट अख्खं चाक बदलायचं असेल तर थोडी हत्यारं आणि शांतपणे दिलेली एक सकाळ पुरते. (रिमवरून टायर उतरवून दुसरा चढवणं ही वेगळी गोष्ट, त्याला यंत्र आणि बॅलन्सिंग लागतं, ते घरी होत नाही.) या कामात शेवटची पाच मिनिटं सर्वांत जोखमीची, आणि नेमकी तीच घाईत उरकली जातात. जॅक, उचलणं, चाक काढणं यात दमून गेलेला माणूस बोल्ट ‘चांगले कचकून’ आवळतो आणि हात धुवायला जातो. कचकून म्हणजे किती, हे हाताला कळत नाही. का कळत नाही, ते आधी समजून घेऊ. मग कृती आपोआप लक्षात राहील.

बहुतेकांना वाटतं की गाडीचं वजन बोल्टवर टांगलेलं असतं. प्रत्यक्षात तसं नाही. बोल्ट चाकाला हबच्या सपाट चकतीवर दाबून धरतो आणि त्या दाबामुळे चाक व हब यांच्यात जे घर्षण तयार होतं, ते गाडीचं वजन, ब्रेकचा धक्का, वळणावरची ओढ असं सगळं सांभाळतं. फोक्सवॅगन गोल्फ किंवा स्कोडा ऑक्टाव्हियाच्या चाकाला एम१४ मापाचे पाच बोल्ट असतात आणि ते १२० न्यूटन-मीटरने आवळायचे असतात. ढोबळ हिशेबाने त्यातला प्रत्येक बोल्ट चार टनांहून थोड्या जास्त ताकदीने चाक दाबून धरतो. पाचांचे मिळून एकवीस-बावीस टन. एका चाकावर येणारं गाडीचं वजन जेमतेम चारशे किलो असतं. तरी एवढा मोठा दाब लागतो, कारण घर्षणाने त्यातला लहानसा भागच कामाला येतो, आणि खड्डा, फुटपाथची कड, जोरात मारलेला ब्रेक यांचे धक्के वजनाच्या कैक पट असतात.

हा दाब येतो कुठून? बोल्ट आवळताना तो किंचित लांबतो. अतिशय ताठ स्प्रिंग ताणल्यासारखा तो पुन्हा आखडायला बघतो आणि चाक हबवर खेचून धरतो. हे लांबणं किती असतं, तर मिलिमीटरचे काही शतांश. डोक्यावरच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी. चाक जागेवर राहतं ते एवढ्याशा ताणावर.

हे एकदा मनात बसलं की पुढची प्रत्येक सूचना त्यातूनच निघते. चाक आणि हब यांच्यात गंजाचा पापुद्रा राहिला, तर पहिल्या काही किलोमीटरमध्ये तो दबतो, भुगा होऊन विस्कटतो, आणि त्याची जाडी बोल्टच्या ताणाएवढीच असल्याने ताण पार नाहीसा होऊ शकतो. बोल्ट फिरलेला नसतो, बाहेरून पाहता तो घट्टच दिसतो, पण दाब गेलेला असतो. दाब गेला की चाक हबवर सूक्ष्म सरकायला लागतं, आणि मग त्या सरकण्याने बोल्ट खरोखर उलटे फिरायला लागतात. तिथून चाक निसटेपर्यंतचा प्रवास फार लांबचा नसतो.

आता हाताच्या अंदाजाबद्दल. गाडीसोबत मिळणारा व्हील पाना साधारण तीस सेंटिमीटर लांब असतो. त्याने १२० न्यूटन-मीटर गाठायचे तर टोकाला सुमारे चाळीस किलोचा जोर लावावा लागतो. बारीक चणीच्या व्यक्तीला तो हाताने लागत नाही, म्हणून बोल्ट कमी आवळला जातो. उलट सत्तर किलोचा माणूस पान्यावर उभा राहिला तर दोनशेच्या वर जातो; उडी मारली तर किती, ते सांगता येत नाही. अति आवळण्याने बोल्ट त्याच्या लवचीकतेच्या हद्दीपलीकडे ताणला जाऊन कायमचा लांबतो, हबमधले आटे खराब होतात, अलॉय रिमवरची बोल्टची बैठक चिरडते. बोल्ट असमान आवळले गेले तर ब्रेकची डिस्क किंचित वाकडी धरली जाते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरायला लागतं. मग दोष ब्रेकला दिला जातो. शिवाय वाटेत पंक्चर झालं, तर तेच बोल्ट रस्त्याकडेला, पावसात, साध्या पान्याने सुटत नाहीत.

म्हणून टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, घ्याच. जर्मन दुकानात त्याला ‘ड्रेमोमेंटश्लुसेल’ म्हणून मागा. अर्धा इंची चौकोनी टोकाचा, साधारण ४० ते २०० न्यूटन-मीटरचा पल्ला असलेला, ठरवलेल्या मापाला ‘टक’ असा आवाज देणारा प्रकार घरच्या कामाला उत्तम. वसंत ऋतू आणि शरद ऋतूच्या सुरुवातीला किराणा साखळ्यांच्या दुकानांतही तो स्वस्तात येतो. फार महाग घेण्याची गरज नाही, पण सोबत तपासणीचा कागद आहे का ते पाहा. या प्रकारच्या पान्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात चार टक्क्यांची चूक मान्य आहे, म्हणजे १२० वर ११५ ते १२५. इतपत चालतं. पान्याबरोबर योग्य मापाचं सॉकेट लागेल. फोक्सवॅगन कुटुंबात १७ मिलिमीटर, होंडात बहुधा १९, टोयोटात २१. अलॉय रिम असेल तर बाहेरून प्लॅस्टिकची नळी चढवलेलं पातळ भिंतीचं सॉकेट घ्या, नाहीतर रिमवर ओरखडे पडतात.

आकडा गाडीच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्यायचा. गोल्फला १२०, एम१४ बोल्ट असलेल्या बीएमडब्ल्यूला १४०, टोयोटा कोरोलाला १०३. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नका. बोल्टची जाडी, आटे, बैठक सगळं वेगळं असतं. रिम गाडीच्या कंपनीची नसेल तर रिमसोबतच्या कागदपत्रांत वेगळा आकडा असू शकतो, आणि तिथे तोच मानायचा. पान्यावर बरेचदा दोन मापपट्ट्या कोरलेल्या असतात, एक न्यूटन-मीटरची आणि दुसरी फूट-पाउंडाची. चुकून दुसऱ्या पट्टीवर १२० लावलं तर प्रत्यक्षात १६३ न्यूटन-मीटर बसतात. भारतात घेतलेल्या पान्यावर कधी कधी किलोग्रॅम-मीटर असतं. त्यात १२० म्हणजे साधारण १२.२.

सुरुवात करण्याआधी सगळ्यांत आधी कुलूपबोल्टची चावी शोधा. बऱ्याच गाड्यांना प्रत्येक चाकावर एक बोल्ट वेगळ्या नक्षीचा असतो आणि त्याला खास तुकडा लागतो. तो डिकीत स्टेपनीच्या खळग्यात, टूलकिटच्या फोममध्ये किंवा हातमोज्यांच्या कप्प्यात असतो, आणि शेवटच्या वर्कशॉपवाल्याने तो परत ठेवला होता का, हे तेव्हाच कळतं. गाडी वर चढवल्यावर शोधाशोध नको. आणि एअर गन किंवा इम्पॅक्टचं यंत्र या तुकड्यावर कधीही वापरू नका. नक्षी चिरडली की बोल्ट काढायला मग वेल्डिंगपर्यंत प्रकरण जातं.

गाडी सपाट आणि कडक जमिनीवर उभी करा. हँडब्रेक ओढा, पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये ठेवा, उचलणार त्याच्या तिरक्या बाजूच्या चाकाला पुढून-मागून अडण लावा. बऱ्याच नव्या गाड्यांमध्ये स्टेपनीऐवजी नुसतं पंक्चरचं द्रावण मिळतं, म्हणून जॅकही नसतो. चाकांवर चालणारा हायड्रॉलिक जॅक घ्यावा आणि त्याच्या डोक्यावर रबरी पॅड असावं. जॅक पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावायचा. गाडी फक्त जॅकवर उभी असताना तिच्याखाली हात, पाय, डोकं काहीही घालू नका. काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक निसटलाच तर गाडी त्यावर टेकेल.

उचलण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, प्रत्येक बोल्ट साध्या लांब पान्याने पाव फेरा सैल करा. या कामाला टॉर्क पाना वापरायचा नाही. तो मोजण्याचं साधन आहे; गंजलेल्या बोल्टशी झुंज दिली की त्याचं माप बिघडतं.

बोल्ट निघाले तरी चाक हबला चिकटून बसलेलं असतं, असं जर्मनीत हमखास होतं. रस्त्यावर टाकलेलं मीठ, ओल, अॅल्युमिनियमची रिम आणि लोखंडी हब यांचा मिळून पक्का गंज तयार होतो. दोन बोल्ट चार-पाच आट्यांवर पुन्हा लावा म्हणजे चाक अंगावर येणार नाही, आणि मग टायरच्या बाजूवर टाचेने किंवा रबरी हातोड्याने फिरवून-फिरवून ठोके द्या. रिमवर नाही, टायरवर. काही जण बोल्ट सैल ठेवून गाडी दोन-चार मीटर पुढे-मागे करतात, म्हणजे चाक आपोआप सुटतं. मला तो उपाय मान्य नाही. बोल्टच्या बैठकी त्याने खराब होतात, आणि ज्या वस्तूवर पुढचे सहा महिने विसंबायचं तिच्याशी असं वागू नये.

चाक उतरल्यावर हबकडे नीट बघा. मध्यभागी गोल उंचवटा दिसेल, त्यावर रिमचं मधलं भोक बसतं. त्याच्याभोवती सपाट चकती आणि तिच्यात बोल्टची भोकं. उंचवट्याच्या पायथ्याशी, कोपऱ्यात, तपकिरी-नारिंगी पापुद्र्याचं कडं जमलेलं असतं. नखाने खरवडलं तर खवल्यासारखे तुकडे सुटतात. हे तुकडे दिसायला क्षुल्लक आहेत, पण वर सांगितलेला सगळा हिशेब यांनीच बिघडतो. तारेच्या ब्रशने ते कडं, चकती आणि भोकांच्या कडा स्वच्छ घासा. धातूचा रंग सगळीकडे एकसारखा दिसेपर्यंत घासा, आणि शेवटी कोरड्या फडक्याने भुगा पुसून घ्या. तितकंच महत्त्वाचं म्हणजे रिमची मागची बाजू. जिथे ती हबला टेकते तिथे मागच्या मोसमातला गंज चिकटलेला असतो, आणि बरेच लोक हब घासून रिम विसरतात. नव्याने रंगवलेली रिम असेल तर टेकणाऱ्या पृष्ठभागावर जाड रंग नको. रंगाचा थरही गंजासारखाच दबतो. अलॉय रिमवर मात्र कडक तारेऐवजी पितळी ब्रश किंवा खरखरीत घासणी वापरा.

चाक पुढच्या वेळी चिकटू नये म्हणून मधल्या उंचवट्याला सिरॅमिक किंवा अॅल्युमिनियमच्या पेस्टचा बोटाने अगदी पातळ हात द्यायला हरकत नाही. फक्त उंचवट्यालाच. सपाट चकतीवर पेस्ट लागली तर घर्षण कमी होतं, आणि चाक तर घर्षणावरच टिकलेलं आहे.

बोल्टला तेल किंवा ग्रीस लावावं का, हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. लावू नये. आपण पान्यावर लावलेल्या जोरातला साधारण निम्मा जोर बोल्टच्या डोक्याखालचं घर्षण खातं आणि चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांमधलं. बोल्ट ताणायला उरतो तो जेमतेम दहावा भाग. पुस्तिकेतला आकडा कोरड्या, स्वच्छ बोल्टचं घर्षण धरून ठरवलेला असतो. तेल लावलं की घर्षण घटतं, आणि पान्यावर तेच १२० दिसत असताना बोल्ट बराच जास्त ताणला जातो. म्हणजे माप बरोबर आणि परिणाम चुकीचा. आटे घाण झाले असतील तर तारेच्या ब्रशने कोरडेच साफ करा. आट्यांना ओरखडे असतील, बोल्ट मध्येच बारीक झालेला दिसत असेल किंवा डोक्याखालची बैठक खडबडीत झाली असेल, तर तो टाकून द्या. नवा बोल्ट दोन-तीन युरोंना मिळतो.

या बैठकीकडे एकदा तरी डोळे जवळ नेऊन बघा. बोल्टच्या डोक्याखालचा भाग काही गाड्यांत गोलाकार असतो, काहींत शंकूसारखा तिरका, आणि टोयोटाच्या अलॉय रिमच्या नटांना सपाट वायसर असतो. फोक्सवॅगनच्या मूळ रिमला गोल बैठक लागते, तर बाहेरच्या कंपन्यांच्या बऱ्याच रिमना ६० अंशांचा शंकू. उन्हाळी चाकं एका कंपनीची आणि हिवाळी दुसऱ्या कंपनीची असतील, तर बोल्टही वेगळे असू शकतात. गोल बैठकीचा बोल्ट शंकूच्या भोकात घातला तर तोही १२० वर ‘टक’ म्हणतो, पण टेकलेला असतो एका बारीक रेषेवर. काढून पाहिलं तर बैठकीवर रुंद पट्ट्याऐवजी केसासारखं चकचकीत कडं उमटलेलं दिसतं. असं कडं दिसलं तर ते बोल्ट त्या रिमचे नाहीत. दोन्ही संचांचे बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत, डब्यावर रिमचं नाव लिहून ठेवा.

लांबीही तपासा. लोखंडी रिम पातळ, अलॉय जाड, त्यामुळे कधी कधी बोल्टची लांबी बदलते. आखूड बोल्टला पुरेसे आटे मिळत नाहीत. लांब बोल्ट आत ब्रेकच्या भागांना घासू शकतो. साधी परीक्षा अशी: बोल्ट टेकेपर्यंत हाताने फिरवताना फेरे मोजा. दीड मिलिमीटर अंतराच्या आट्यांच्या एम१२ बोल्टला किमान साडेसहा फेरे, तशाच एम१४ला साडेसात, आणि बीएमडब्ल्यूच्या सव्वा मिलिमीटर आट्यांच्या एम१४ला नऊ. याहून कमी भरले तर तो बोल्ट चालणार नाही. सगळे बोल्ट बसल्यावर, गाडी अजून वर असताना, चाक हाताने फिरवून बघा. आतून खरखर आली तर थांबा.

चाक चढवणं हे पुण्या-मुंबईत मारुती, ह्युंदाई वापरलेल्यांना इथे थोडं वेगळं वाटेल. त्या गाड्यांच्या हबमधून आटेवाले दांडे बाहेर आलेले असतात. चाक त्यावर अडकवायचं आणि नट लावायचे. फोक्सवॅगन, स्कोडा, बीएमडब्ल्यू, मर्सिडीझ यांच्या हबला नुसती भोकं असतात. वीस किलोचं चाक एका हाताने तोलून दुसऱ्या हाताने भोकं जुळवत बोल्ट शोधायचा, ही खरी कसरत. त्यावर सोपा उपाय आहे: डोकं नसलेला, त्याच मापाच्या आट्यांचा एक लांब दांडा वरच्या भोकात फिरवून ठेवायचा, चाक त्यावर अडकवायचं, बाकीचे बोल्ट लावून झाले की दांडा काढायचा. चाकाखाली पाय किंवा फळी तरफेसारखी सरकवून उंची जुळवता येते.

पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. पान्याने सुरुवात केली तर आटा वाकडा बसतो आणि हब खराब होतो. बोटांना अडथळा जाणवला की बोल्ट बाहेर काढून पुन्हा सरळ लावायचा, दामटायचा नाही. सगळे बोल्ट हाताने टेकले की साध्या पान्याने हलकेच, चाक हबवर सपाट बसेल इतकेच आवळा. क्रम महत्त्वाचा आहे. पाच बोल्ट असतील तर एक सोडून एक: पहिला, तिसरा, पाचवा, दुसरा, चौथा. चार असतील तर समोरासमोरचे. शेजारचा बोल्ट लगेच घेतला तर चाक एका बाजूने तिरकं बसतं, आणि नंतर कितीही आवळलं तरी तो तिरकेपणा पूर्ण जात नाही.

आता जॅक इतका खाली घ्या की टायर जमिनीला टेकून चाक फिरेनासं होईल, पण गाडीचं पूर्ण वजन त्यावर येणार नाही. टॉर्क पाना आधी निम्म्या मापावर, समजा ६० वर, लावून त्याच क्रमाने एक फेरी करा. मग १२० वर दुसरी. पान्याची मूठ जिथे धरायला दिली आहे तिथेच धरा. पुढे धरली किंवा पाइप लावून लांबवली तर माप चुकतं. सॉकेट बोल्टवर सरळ बसलेलं असू द्या, दुसऱ्या हाताने पान्याचं डोकं आधार देऊन धरा. सावकाश, एकसारखी ओढ द्या. अर्ध्या मीटरच्या पान्याला चोवीस-पंचवीस किलोचा जोर पुरतो, म्हणजे कुणालाही जमण्यासारखं काम आहे. हाताला हलकासा झटका आणि ‘टक’ असा आवाज आला की तिथेच हात थांबवायचा. बरेच जण खात्रीसाठी आणखी दोनदा ‘टक-टक’ करतात. प्रत्येक वेळी बोल्ट थोडा पुढे सरकतो, आणि मापाचा उपयोगच राहत नाही. झटक्यात ओढलं तरी तेच होतं.

दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा एकदा पहिल्या बोल्टपासून तपासा. पाचवा आवळताना पहिल्याचा ताण किंचित उतरलेला असू शकतो. या फेरीत पाना न फिरता लगेच ‘टक’ म्हणाला की झालं. मग गाडी पूर्ण खाली घ्या.

वर्कशॉपमध्ये काम करून घेणाऱ्यांसाठीही इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. काही ठिकाणी बोल्ट एअर गनने पूर्ण आवळतात आणि मग देखाव्यासाठी टॉर्क पाना लावून ‘टक’ करतात. बोल्ट आधीच २०० वर गेलेला असेल तर १२० वर लावलेला पाना तत्काळ ‘टक’ म्हणणारच. टॉर्क पाना ‘निदान इतकं तरी आहे’ एवढंच सांगतो, ‘यापेक्षा जास्त नाही’ हे सांगत नाही. त्यामुळे अति आवळलेला बोल्ट घरी नंतर तपासूनही ओळखता येत नाही. शक्य असेल तर काम चालू असताना बघा, आणि गनने फक्त टेकवून बाकीचं हाताने आवळा असं नम्रपणे पण स्पष्ट सांगा. चांगल्या वर्कशॉपला याचा राग येत नाही.

राहिली पन्नास किलोमीटरची तपासणी. बिलावर शिक्का असतो: ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा आवळून घ्या. लोक तो वाचून विसरतात. कितीही घासलं तरी दोन पृष्ठभागांवरचे सूक्ष्म उंचवटे, रंगाचे कण, उरलेली धूळ सुरुवातीच्या प्रवासात दबते आणि ताण थोडा उतरतो. पन्नास ते शंभर किलोमीटरच्या दरम्यान, चाक गार असताना, गाडी जमिनीवर उभी असताना, पाना पूर्ण मापावर लावून प्रत्येक बोल्ट त्याच क्रमाने तपासा. आधी सैल करायचं नाही. बोल्ट जागचा न हलता ‘टक’ आलं तर उत्तम. एखादा किंचित फिरला तर तोही स्वाभाविक. पण पाव फेरा किंवा त्याहून जास्त फिरला, तर नुसतं आवळून पुढे जाऊ नका; ते चाक काढा, हब आणि बैठक पुन्हा बघा. कुठेतरी काहीतरी नीट बसलेलं नाही. चाकं बदलल्या दिवशीच किलोमीटरचा आकडा कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटवा, आणि लांबच्या ऑटोबानच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी चाकं बदलू नका. आधी चार दिवस गावात गाडी चालवून, तपासून, मगच निघा.

चालवताना कमी वेगात ‘टक-टक’ किंवा खडखड असा आवाज यायला लागला, वेगाबरोबर तो बदलत असेल, स्टिअरिंग नव्यानेच थरथरत असेल, तर पहिल्या सुरक्षित जागी गाडी थांबवा. ‘घरी पोहोचल्यावर बघू’ असं या बाबतीत करायचं नाही. बोल्ट सैल आढळले आणि बैठकीची भोकं लंबगोल झालेली दिसली, तर ती रिम परत वापरायची नाही आणि गाडी टो करून न्यायची.

महाराष्ट्रात ऋतूप्रमाणे टायर बदलावे लागत नाहीत, पण स्टेपनी प्रत्येकाला कधी ना कधी लावावी लागते, आणि टायरचं रोटेशन दर काही हजार किलोमीटरला होतंच. चाकणला बनलेली फोक्सवॅगन पोलो असली तरी तिचे बोल्टही १२० न्यूटन-मीटरचेच. घाटात किंवा महामार्गावर पंक्चर काढून दिल्यावर तिथला माणूस पान्यावर पाय देऊन नट आवळतो, कारण त्याच्याकडे दुसरं साधन नसतं. त्याच्याशी वाद घालू नका. घरी आल्यावर गाडी सपाट जागी उभी करून ते चाक पुन्हा उचला, नट सैल करून योग्य क्रमाने आणि मापाने पुन्हा आवळा. हवा भरून देणाऱ्या दुकानांत आता टॉर्क पाने दिसू लागले आहेत. पुस्तिकेतला आकडा सांगून त्याने आवळून मागायला संकोच नको.

काम झालं की टॉर्क पाना त्याच्या सर्वांत कमी मापावर आणून पेटीत ठेवा. १२० वर तसाच ठेवला तर आतली स्प्रिंग सहा महिने दबून राहते आणि माप हळूहळू खोटं बोलायला लागतं. त्याखाली सैल करत नेऊ नका, तेही त्याला मानवत नाही. टायरमधल्या हवेचा दाब पुस्तिकेप्रमाणे भरा आणि दाब दाखवणारी यंत्रणा नव्या चाकांना जुळवून घ्या. काही गाड्यांत त्यासाठी मेनूत एक बटण असतं, काहींत हिवाळी संचातल्या सेन्सरची ओळख करून द्यावी लागते. उतरवलेल्या चाकांवर खडूने पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं असं लिहा, टायरच्या खाचांमध्ये अडकलेले खडे काढा, रिमच्या मागची बाजू धुऊन कोरडी करा आणि रिमसकट चाकं एकावर एक आडवी रचून अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. ईस्टरला ती बाहेर काढाल तेव्हा घासायचं काम निम्मं झालेलं असेल.